वरच्या मजल्यावरची तपकीर

४ मार्च, बुधवार

गेल्या वर्षीच्या जमाखर्चाच्या वहीत बरीच पानं कोरी राहिली आहेत. रद्दीत घालायला जीव होईना. हिशेब नव्या वहीत चालूच आहे, इथे मनातलं लिहीन.

सुरुवात वन्संपासूनच करावी लागेल. आज सकाळी पूजा आटोपून उठते तो त्या दारात उभ्या, कमरेवर हात.

"तुझी ती वरची आणि तिचं ते जनावर! मला या घरात येऊन महिना झाला, एक दिवस सुखानं चहा पोटात गेलेला नाही. मी येण्याआधी भुंकत होती का?"

नव्हती भुंकत. खोटं कसं बोलू? म्हटलं, "नाही, हल्लीच लागली आहे."

"बघ! म्हणजे मीच खुपते तिला."

"वन्सं, ती सगळ्यात वर, तुम्ही खाली. तिला तुम्ही दिसणार कशा?"

"वास येत असेल."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यावर एकट्या राहत होत्या, आता इथे आल्या. घर दोघा भावंडांच्या नावावर आहे, पण भाडं, गळती, नळ आणि भाडेकरूंची रडगाणी हे सगळं खातं माझ्याकडे. खाली आम्ही, मधल्या मजल्यावर रुग्णालयातल्या सिस्टर, वर ती मुलगी आणि तिची तपकीर. तपकिरीच्या रंगाची, म्हणून कुत्रीचं नाव तपकीर. वन्सं आल्या तेव्हा आतली खोली त्यांना दिली आणि देव जिन्याखालच्या कोनाड्यात आणले. जागा लहान आहे, पण छान जमली. आवाज घुमतो, त्यामुळे म्हटलेलं अगदी देवळात म्हटल्यासारखं वाटतं.

मुलीचा करार मार्चअखेर संपतो. नव्यावर दोन्ही भावंडांची सही लागते. वन्संनी आजच सांगून टाकलं, "ते जनावर असेपर्यंत माझं बोट त्या कागदाला लागणार नाही."

मी मुलीला करार पुढे चालू ठेवण्याचा शब्द दिलेला आहे. शब्द म्हणजे देणंच ते.

६ मार्च, शुक्रवार

वर जाऊन आले. मुलीला लहानपणापासून ऐकू येत नाही. घरांचे आराखडे काढण्याच्या कचेरीत कामाला आहे. आपण समोर उभं राहून नीट बोललं की ओठांवरून सगळं समजतं तिला. बोलतेही, आवाज जरा सपाट आहे एवढंच. पाठ फिरवून बोललं की संपलं.

तपकीर म्हणजे तिचे कान. मी मुद्दाम तिच्या मागे झाकण पाडून पाहिलं. मुलगी ढिम्म. कुत्री उठली, तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला आणि झाकणापाशी नेऊन उभी केली. आवाज नाही, उड्या नाहीत. आमच्या घरातली माणसंही एवढी शिस्तीची नाहीत.

म्हटलं, "मग ही भुंकते का गं सकाळची?"

मुलीचा चेहरा उतरला. म्हणाली, "काकू, तिला संस्थेत शिकवलंय तसं ती करते. आधी पंजा. मी उठले नाही तर परत पंजा. तरी उठले नाही तर मग आवाज. पण ती मला दाराशी नेते आणि दारात कुणीच नसतं. मी परत येऊन बसते. ती पुन्हा नेते. पुन्हा कुणी नाही. मग मी 'बस' म्हणते आणि ती भुंकते."

"गल्लीतली कार्टी घंटा वाजवून पळत असतील."

"सकाळी? दोन मजले चढून?"

तेही खरं. दाराची घंटा मी मुद्दाम पाहिली. जागच्या जागी आहे. मुलगी राहायला आली तेव्हा विजेची घंटा बसवा म्हणाली होती, पण वीजवाल्यानं जे तोंड उघडलं ते पाहून मी त्याला चहा पाजून परत पाठवला. सासूबाईंनी पितळी घंटांची जोडी करून घेतली होती, एकाच ओतातली. एक देवापुढे असते, दुसरी कपाटात उगीच काळी पडत होती. ती घासून दाराला टांगली, दोरी बांधली. आलागेला दोरी ओढतो, कुत्री मुलीला सांगते. वस्तू कामाला लागली की तिचं सोनं होतं.

तपकिरीचे कान तपासून घ्यायला सांगून खाली आले. कानात काही गेलं असेल.

९ मार्च, सोमवार

सिस्टर आल्या. रात्रपाळी करून पहाटे येतात बिचाऱ्या. डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं झालंय.

"काकू, तक्रार करायला लाज वाटते. पण मला झोप नाही मिळाली तर मी कुणाला तरी चुकीची सुई टोचीन."

"माझी पूजासुद्धा अडचणीचीच होत असेल," मी उगाच म्हटलं.

"छे हो! तुमची घंटा सुरू झाली की मी कूस बदलते आणि पुन्हा डोळा लागतो. देवाचं आहे ते. पण पाठोपाठ डोक्यावर ती नखांची टकटक आणि भुंकणं सुरू होतं की संपलंच."

किती समंजस बाई! देवाचं आहे म्हणून सोसते. मी त्यांना सांगितलं, महिना संपायच्या आत याचा निकाल लावीन. त्या म्हणाल्या, "नाहीतर मलाच दुसरी जागा बघावी लागेल, काकू." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, हेच जास्त लागलं.

एकीला झोप हवी, दुसरीला कान. दोघींचंही मागणं रास्त आहे.

११ मार्च, बुधवार

आज कुत्रीचं नाही, ह्यांचं लिहिते. इथे कोण वाचणार आहे?

हे बदललेत. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी दहा गोष्टी सांगते, त्यातल्या एकीला 'हं'. सकाळी अंगणात बरे असतात. हसतात, पेपरातलं वाचून दाखवतात. दिवस मावळला की तोंडाला कुलूप. मी तिथला दिवा बदलून लहान बसवला तेव्हापासून जास्तच. लहान दिव्यात सगळं दिसतं, वीज थोडी लागते, पण ह्यांना माझी काटकसर खुपत असणार. परवा विचारलं, "भात आणखी वाढू का?" तर म्हणाले, "शनिवारी." मी ताट आपटलं.

आणखी एक. पूर्वी माझी घंटा झाली की हे जिथे असतील तिथून उठून यायचे, हात जोडायचे, मग चहा. आता जिन्याच्या तोंडाशी पेपर घेऊन बसलेले असतात, हाकेच्या अंतरावर, पण येत नाहीत. मान वर करत नाहीत. वर्षभरात देवावरची श्रद्धाच उडाली की काय यांची? म्हणून महिन्याभरापासून मी घंटा जरा जोरानं आणि जास्त वेळ वाजवते. येईल, आज ना उद्या लाज वाटून येईल माणूस. आजपासून नेम धरला आहे. घरात शांती यावी, ह्यांचं मन वळावं आणि कुत्रीला सुबुद्धी व्हावी, या तिन्हींसाठी रोज एक जास्तीची आरती.

१४ मार्च, शनिवार

आरती वाढवल्यापासून कुत्री अधिकच भुंकते. देव परीक्षा बघतो आहे. बघू दे, मीही हटणारी नाही.

जुन्या गोधड्या उसवून, आत चिंध्या भरून जाड बिछाना शिवला आणि तपकिरीखाली घातला. नखांचा आवाज तरी मरेल. दाराच्या फटीत सुतळी ठोकली. मुलीनं मदत केली. तिचा हात मापाला पक्का आहे.

वकीलसाहेब भाजीच्या रांगेत भेटले. तिथेच विचारून घेतलं, म्हणजे फी पडत नाही. म्हणाले, "काकू, ते पाळीव जनावर नव्हे, तो तिचा आधार आहे. आंधळ्याची काठी वाजते म्हणून तुम्ही काठी काढून घ्याल का? आधी आवाजाचं कारण शोधा. करण्यासारखं सगळं करून बघा, मग पुढचं बोला." आणि माझ्या पिशवीतली चांगली वांगी दाखवून, कुठून घेतली ते विचारलं. म्हणजे फिटंफाट झाली.

घरी येऊन वन्संना हे सांगितलं. म्हणाल्या, "काठी भुंकत नाही."

१८ मार्च, बुधवार

काल पहाटेच्या गाडीनं मावशीकडे जाऊन संध्याकाळी आले. देवाला गाडीतूनच हात जोडले. घरी आले तर सिस्टर चक्क हसत दारात. "काकू, आज मी माणसासारखी झोपले! एक भुंकणं नाही."

मनात म्हटलं, गोधडी लागू पडली. देवापुढे साखर ठेवली. आज सकाळी आभार म्हणून घंटाही दणकून वाजवली.

आणि तपकिरीनं आकाशपाताळ एक केलं.

वन्सं चहाचा पेला घेऊन जिन्याशी आल्या. "कुत्र्याचं शेपूट नळीत घाल नाहीतर गोधडीत घाल."

२० मार्च, शुक्रवार

आज जेवताना वन्संनी ह्यांच्यासमोरच विषय काढला. मुद्दाम मोठ्यानं, पान सरकवत. "बाळ, तू घरचा पुरुष. तूच सांग, त्या भुंकण्याचा त्रास होतो की नाही?" साठी उलटली तरी वन्संचा बाळ तो बाळच.

ह्यांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. म्हणाले, "कुठलं भुंकणं? मला तर काही त्रास नाही."

"घ्या! बायकोच्या ताटाखालचं मांजर!"

मला मात्र भरून आलं. वर्षभर अबोला धरणाऱ्या माणसानं वेळ आली तेव्हा माझी बाजू घेतली. खोटं बोलून घेतली, पण घेतली. त्यांनी न मागताच मी जास्तीचं तूप वाढलं.

२३ मार्च, सोमवार

मुलगी जिन्यात बसून रडत होती. तिच्या रडण्याला आवाज असतो, तिला ते माहीत नाही. मी समोर जाऊन बसले, हनुवटी धरून तोंड वर केलं.

कान तपासून झाले. निरोगी आहेत. "मग डोक्यात बिघाड असेल, काकू. रोज नसलेला पाहुणा दाखवते. संस्थेला कळवावं लागेल. चुकीचं सांगणारं जनावर ते परत घेतात. आठ महिने शिकवून मिळाली मला. ती नसताना एकदा गॅसवर दूध उतू जाऊन आग विझली आणि गॅस चालूच. शेजाऱ्यांना वास आला म्हणून मी आहे." मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही करार नका करू. तुमच्या वन्संचं बरोबर आहे. मी जागा सोडते. तिला घेऊन दुसरीकडे जाऊन बघते. तिथेही असंच झालं तर मग परत करीन."

मी म्हटलं, "अजून महिना संपलेला नाही. माझ्याआधी तू हात टेकायचे नाहीत."

ती जरा हसली. मग कुठून कुणास ठाऊक, म्हणाली, "काकू, काकाही माझ्यासारखेच बघतात."

"कसे?"

"बोलणाऱ्याच्या तोंडाकडे."

खरंच आहे. हल्ली लोक जेवत असले की हे तोंडाकडे बघत बसतात. घास मोजल्यासारखं दिसतं ते, चार लोकांत. सांगायला हवं एकदा.

२५ मार्च, बुधवार

ठरवलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून हिशेब लागत नाही, गठ्ठा स्वतः सोडून बघावा लागतो. उद्या सकाळी मी वर, त्या मुलीच्या खोलीत बसणार. कुत्री कशावर भुंकते ते या डोळ्यांनी बघणार. पूजा वन्संकडे सोपवली. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाल्या, "करीन. देवाला तरी कळेल नीट पूजा कशी असते."

त्यांना सांगून ठेवलंय, घंटा चांगली जोरानं वाजवा, म्हणजे हे उठून येतील.

२६ मार्च, गुरुवार

काय लिहू आणि कसं लिहू?

वर जाऊन बसले. मुलीनं चहा केला. तपकीर माझ्या गोधडीवर हातपाय पसरून झोपली होती, पोट वरखाली होत होतं. मुलगी टेबलाशी रेघा ओढत होती. इतकी शांतता की पेन्सिलीची कुरकुर ऐकू येत होती. एवढ्यात खालून घंटा झाली. जिन्यातून चढत चढत अगदी स्पष्ट आली. सवयीनं माझे डोळे मिटले, हात जुळले.

नखं वाजली तेव्हा डोळे उघडले. तपकीर मुलीच्या गुडघ्यावर पंजा ठेवून उभी. मुलगी उठली, दार उघडलं. कुणी नाही. परत आली. खालून घंटा चालूच, वन्संचा हात दणकट. तपकिरीनं पुन्हा पंजा ठेवला. मुलगी पुन्हा दाराशी. कुणी नाही. तिनं हातानं 'बस' केलं. कुत्रीनं दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि भुंकली. त्यात राग नव्हता. अगं ऊठ, कुणीतरी बोलावतंय, असं कळवळून सांगत होती.

घंटा थांबली. कुत्री थांबली.

घंटा सुरू झाली. बहुतेक वन्संनी हात बदलला असेल. कुत्री सुरू झाली.

माझे हात तसेच जोडलेले होते. मला ते खालीही घेता येईनात, वरही.

तेवढ्यात जिन्यात दणदण पावलं. वन्सं घंटा हातात घेऊनच वर निघाल्या होत्या. पायरीगणिक किणकिण. दारात येऊन घंटेचा हात माझ्यासमोर नाचवत म्हणाल्या, "ऐकलंस ना आता? स्वतःच्या कानांनी ऐकलंस ना?" हात हले तशी घंटा वाजे, घंटा वाजे तशी कुत्री भुंके. "बघ, बघ! मला बघून कशी पिसाळली ती! म्हटलं नव्हतं, मीच खुपते तिला!"

सिस्टर विस्कटलेल्या केसांनी धावत वर आल्या. त्यांनी एकदा वन्संकडे पाहिलं, एकदा तपकिरीकडे. म्हणाल्या, "अहो, जरा हात खाली करा बघू."

"का म्हणून?" पुन्हा किणकिण, पुन्हा भुंकणं.

मी उठले. वन्संच्या हातातून घंटा घेतली आणि लोलक मुठीत धरला. तपकीर बसली. मग दारापाशी गेले आणि टांगलेल्या घंटेची दोरी ओढली. तोच आवाज. तीळभर फरक नाही. सासूबाईंनी जोडी पारखून घेतली होती.

सिस्टर जिन्यावरच बसल्या आणि हसत सुटल्या. "काकू! म्हणजे रोज सकाळी तुम्ही दोन मजले खालून हिच्या दाराची घंटा वाजवत होता!"

एका मुलीलाच काही कळलं नव्हतं. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती, अंग चोरून, आता काढतात की काय या भीतीनं. मी तिच्यासमोर उभी राहिले, दोन्ही घंटा दाखवल्या आणि सावकाश म्हटलं, "तुझी तपकीर चुकत नाही. चुकत होते मी."

तिनं खाली बसून कुत्रीच्या मानेत तोंड खुपसलं. मी खाली आले. हे जिन्याच्या तोंडाशी पेपर वाचत होते. एवढा गदारोळ झाला, पण मान वर नाही. म्हणाले, "आज चहाला उशीर?"

२७ मार्च, शुक्रवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा. देव जिन्याखाली आणले तेव्हापासून आवाज वर जायला लागला. मी मावशीकडे गेले त्या दिवशी घंटा नव्हती, म्हणून भुंकणं नव्हतं. आणि साखर खाल्ली गोधडीनं.

देव हलवून बघता येईल, पण या एवढ्याशा घरात दुसरी जागा कुठली? म्हणून दाराची घंटा काढली. मोडक्या खुर्चीचा पाय कापून त्याचा ठोकळा केला आणि दोरीला बांधला. ठक-ठक. मुलगी म्हणाली, तपकिरीला नवा आवाज शिकवायला आणि जुना विसरायला थोडे दिवस लागतील. तोवर खालची घंटा वाजली नाही तर बरं.

तोवर घंटा बंद. लग्न होऊन या घरात आल्यापासून बिनघंटेची पूजा कधी केली नाही. आज केली. हात सारखा तिकडे जात होता.

वन्सं मागे उभ्या. "आता जनावरासाठी देवाला मुका केलास? ही घंटा देवापुढे पुन्हा वाजल्याशिवाय माझी सही नाही हो. माझ्या आईची घंटा आहे ती."

मी म्हटलं, "वाजेल. आणि कुत्री भुंकणार नाही. दोन्ही करून दाखवीन. देव काही बहिरा नाही वन्सं, घंटा त्याच्यासाठी नसतेच."

"मग कुणासाठी असते?"

"घरातलं जे माणूस यायचं राहिलंय, त्याच्यासाठी."

हे मी मुद्दाम ह्यांच्याकडे बघून बोलले. ह्यांनी पेपराचं पान उलटलं.

३१ मार्च, मंगळवार

आज परीक्षा घेतली. मुलगी तपकिरीला घेऊन खाली आली. तिचं म्हणणं असं की कुत्रीला घंटा समोर बघू दे, हा आवाज दाराचा नाही आणि आपल्या मुलीसाठी नाही, हे तिचं तिला कळू दे. वन्सं खुर्ची टाकून न्यायाधीशासारख्या बसल्या. सिस्टर उंबऱ्यात. हे नेहमीच्या जागी, पाठ आमच्याकडे, पेपर डोळ्यांसमोर.

दिवा लावला, देवाचं नाव घेतलं आणि घंटा उचलली.

पहिल्या टोल्याला तपकिरीनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं हातानं सांगितलं, 'माझं नाही.' कुत्री बसली. मला वाटलं, जिंकले. वाजवत राहिले.

तपकिरीचे कान पुन्हा उभे राहिले. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग एकेकाकडे. वन्संकडे, त्या घंटेकडेच बघत होत्या. सिस्टरकडे, त्यांचे हात जोडलेले होते. मग ती उठली, आमच्यामधून वाट काढत ह्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

ह्यांनी पेपर बाजूला केला. "काय गं?"

ती कोनाड्याकडे आली आणि परत त्यांच्याकडे गेली. पुन्हा पंजा. हे उठले, तिच्या मागे मागे आले, मला घंटा हलवताना बघितलं आणि दचकले. घाईघाईनं हात जोडले. म्हणाले, "पूजा चाललीय होय! अगं, मग हाक तरी मारायची."

माझ्या हातात घंटा वाजतच होती.

वन्सं हसल्या, "देवापुढे आणायला कुत्री लागली बाळला!" पण त्यांचं हसू अर्ध्यातच थांबलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं ओठ हलवले, आवाज न काढता, "काकू, ती आजही चुकली नाही."

मी घंटा खाली ठेवली. हे दिव्याकडे बघत उभे होते. त्यांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो." ते वळले नाहीत. तपकीर वळली.

शनिवारी. तोंडाकडे बघणं. कुठलं भुंकणं. संध्याकाळचा अबोला. सगळ्या रकमा एकाखाली एक येऊन बसल्या. वरच्यांचे कान नीट आहेत का म्हणून मी कुत्री तपासायला पाठवली होती.

सगळ्या गेल्यावर त्यांना अंगणात नेलं, उजेडात उभं केलं, समोर उभी राहिले.

"कधीपासून?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग पायांकडे. "वर्ष झालं असेल. डावा आधी."

"आणि बायकोला सांगायचं नाही?"

"सांगितलं की डॉक्टर. मग ते यंत्र. तू तर दिवासुद्धा लहान बसवलास. म्हटलं, एवढा मोठा आकडा तू कुठल्या रकान्यात घालशील?"

मी म्हटलं, "वर्षभर मी तुम्हाला काय काय बोलले, देवाधर्मावरून, अबोल्यावरून. ते तुम्हाला ऐकूच आलं नाही होय?"

"आलं ना थोडं थोडं," हे म्हणाले. "जेवढं आलं, तेवढं पुरेसं होतं."

१ एप्रिल, बुधवार

सकाळी घंटा वाजवली. वर शांत. ह्यांना आणायला तपकीर आलीच होती, मुलीनंच पाठवली होती.

वन्संनी चष्मा लावून करार पहिल्या ओळीपासून वाचला आणि सही केली. "त्या पोरीसाठी नाही हो. कुत्रीसाठी." मग पेन ठेवत हळूच म्हणाल्या, "बाळला लहानपणी गोवर झाला होता, तेव्हा डाव्या कानातून पाणी येत होतं. डॉक्टरांना सांग." मी लिहून घेतलं.

सिस्टरनी त्यांच्या रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, परवाची. यंत्राचं काय ते तिथे बघू. मी तयार आहे.

दुपारी बाजारात जाऊन स्वयंपाकघराचा दिवा आणला. सगळ्यांत मोठा. दुकानदार म्हणाला, "काकू, याला वीज फार लागते हो." म्हटलं, लागू दे.

संध्याकाळी लावला. भिंतीवरचे सगळे डाग दिसले, ते उद्या पुसते. हे जेवायला बसले. मी त्यांच्या समोर बसून विचारलं, "भात आणखी वाढू का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. म्हणाले, "वाढ. आणि एवढ्या उजेडात तू चांगलीच म्हातारी दिसतेस."

भात वाढला. दिवा तसाच ठेवला.